मूल होण्यासाठी चिनी वनौषधी घेण्यापूर्वी आणि घेताना

कोकणात चिनी औषधाची पुडी बहुधा घरच्याच माणसाच्या हातून येते. जहाजावर नोकरीला असलेला दीर किंवा भाऊ ती सिंगापूर-हाँगकाँगहून आणतो, नाहीतर मोबाइलवरची जाहिरात पाहून मुंबईचे नातेवाईक मागवून देतात. लग्नाला काही वर्षे होऊनही मूल नसलेल्या स्त्रीला अशी मायेने दिलेली पुडी नाकारणे फार कठीण जाते. म्हणून ती उघडण्यापूर्वी काय करावे आणि घ्यायचेच ठरले तर कशी काळजी घ्यावी, हे येथे सांगितले आहे.

सर्वांत आधी काळ नीट मोजावा. गर्भनिरोधनाशिवाय १२ महिने नियमित संबंध येऊनही गर्भ राहिला नाही, तर त्याला वैद्यकात वंध्यत्व म्हणतात. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर ६ महिन्यांनंतरच तपासणी सुरू करावी. मात्र पती वर्षातील निम्मा काळ जहाजावर असेल किंवा केवळ गणपती-शिमग्याला मुंबईहून घरी येत असेल, तर दोघे एकत्र नसलेले महिने या हिशेबात धरू नयेत. गर्भधारणा होऊ शकते ते दिवस म्हणजे बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे साधारण पाच दिवस. पाळी २८ दिवसांची असेल तर बीज सुटण्याचा दिवस चौदाव्याच्या आसपास येतो. अशा जोडप्यांनी औषधापेक्षा आधी रजेचे दिवस जुळवावेत.

काळ पुरेसा झाला असेल, तर दोघांची तपासणी एकदमच व्हावी. पतीची वीर्यतपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त असूनही तीच सर्वांत शेवटी केली जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण दोष पुरुषात असेल तर मधल्या काळात पत्नीने पचवलेली सारी औषधे व्यर्थ ठरतात. स्त्रीसाठी थायरॉइड व प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे दाखवणारा एक्स-रे, एवढे तरी हवे. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोग हे नलिका बंद होण्याचे एक मोठे कारण आहे. त्यावर क्षयरोगाचीच औषधे घ्यावी लागतात, आणि बंद नलिका कोणत्याही काढ्याने उघडत नाहीत.

आता चिनी वैद्यकाची दृष्टी समजून घ्यावी. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात स्त्रीचे आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मांडले आहे: चौदाव्या वर्षी पाळी सुरू होते आणि एकोणपन्नासाव्या वर्षी ती थांबते. प्रजननाची शक्ती वृक्कात साठलेली असते, असे ते शास्त्र मानते. अर्थात हे वृक्क म्हणजे आपल्या सोनोग्राफीत दिसणारे मूत्रपिंड नव्हे. वृक्काची दुर्बलता, रक्ताची कमतरता, गर्भाशयातील थंडावा, कफ साचणे, रक्त गोठून राहणे, यांपैकी रुग्णेत काय आहे हे चिनी वैद्य नाडी व जीभ पाहून ठरवतो आणि त्याप्रमाणे वनस्पतींचा मेळ घालतो. दांगग्वेई, शूदीह्वांग, बायशाओ आणि च्वानश्यॉन्ग या चार मुळ्यांचा काढा रक्तपोषणासाठी प्रसिद्ध आहे. पुष्कळ वैद्य पाळीनंतर एक योग (म्हणजे वनस्पतींचा मेळ) आणि बीज सुटल्यानंतर दुसरा, असे औषध बदलतातही. याचा सरळ अर्थ असा, की सर्व स्त्रियांसाठी एकच म्हणून विकली जाणारी तयार गोळी खुद्द चिनी वैद्यकाच्याच नियमात बसत नाही.

गुण किती येतो, हा पुढचा प्रश्न. पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडामुळे बीज वेळेवर न सुटण्याचा विकार) असलेल्या वंध्य स्त्रियांवरील चिनी वनौषधींच्या अभ्यासांचा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने आढावा घेतला, तेव्हा ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. चीनमध्येच अशा ६४४ स्त्रियांवर झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास अधिक स्पष्ट आहे: ह्वांगल्यान या वनस्पतीतील बर्बेरीन घेणाऱ्यांपैकी २२ टक्के स्त्रियांना मूल झाले, तर लेट्रोझोल ही बीज सुटण्यासाठी दिली जाणारी साधी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३६ टक्के होते, आणि दोन्ही एकत्र दिल्याने काही वाढले नाही. बर्बेरीन आपल्या दारुहळदीतही असते; गरोदरपणात ते टाळावे.

तरीही औषध घ्यायचे ठरले, तर एक अट कधीही सोडू नये: पुडीतील प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि वजन कागदावर लिहून मागावे, आणि ते न मिळाल्यास औषध परत करावे. ब्रुसेल्समधील वजन घटवण्याच्या एका दवाखान्यात फांगजी या चिनी मुळीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील विषारी मुळी वापरली गेली आणि शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. हे १९९३ मध्ये उघडकीस आले. हेशोवू ही मुळी यकृताला इजा करू शकते. दांगग्वेई आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी एकत्र घेतल्यास रक्तस्राव वाढतो. होंगह्वा म्हणजे आपल्या करडईची फुले. ती रक्त वाहते करण्यासाठी देतात, म्हणून गर्भाची शक्यता असताना ती वर्ज्य आहेत.

नावे ओळखीची वाटली तरी घरच्या आवारातून बदली वनस्पती घेऊ नये. भातखाचराच्या बांधावरचा लव्हाळा म्हणजेच चिनी श्यांगफू, हे खरे आहे; परंतु चिनी योगात वापरतात ती अमरवेल आपल्याकडच्या अमरवेलीहून वेगळ्या जातीची आहे, आणि किनाऱ्यालगतच्या झुडपांवर अगदी तशीच दिसणारी, पण निराळ्याच कुळातील वेलही वाढते.

औषध देणारा कोण, हेही पाहावे. भारतात चिनी वनौषधी आयुष पद्धतींत मोडत नाहीत, आणि अ‍ॅक्युपंक्चरची नोंदणी म्हणजे काढे देण्याचा परवाना नव्हे. स्त्रीचे वंध्यत्व बरे करण्याच्या औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, म्हणून खात्रीचा दावा करणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. मुलगाच होईल असे सांगणाऱ्यापासून तर कायमचे दूर राहावे.

औषध सुरू करण्यापूर्वी यकृत व मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्यावी आणि महिन्याभराने ती पुन्हा करावी. काढ्यासाठी मातीचे किंवा स्टीलचे भांडे घ्यावे, लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम नको. वनस्पती अर्धा तास पाण्यात भिजवून, उकळी आल्यावर मंद आचेवर वैद्याने सांगितलेला वेळ शिजवाव्यात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते, की सुकी मुळी उघड्या पिशवीत पाहता पाहता बुरसते. म्हणून पावसाळ्यात आठवड्यापुरतेच औषध आणावे, ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावे, आणि बुरशीचा वास आला तर उन्हात वाळवून पुन्हा न वापरता फेकून द्यावे.

पाळी चुकली की त्याच दिवशी औषध थांबवून गर्भतपासणी करावी. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अंगावर सूज किंवा अवेळी रक्तस्राव यांपैकी काहीही झाले, तर पुडी व कागद घेऊन थेट रुग्णालय गाठावे. माझ्या मते तीन पाळ्यांपेक्षा अधिक काळ या औषधाला देऊ नये, आणि ३५ च्या पुढे तर त्यासाठी डॉक्टरांचे उपचार एक महिनाही लांबवू नयेत. फोलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र रोज चालू ठेवावी, आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला, विशेषतः टेस्ट ट्यूब बेबीची इंजेक्शने सुरू असतील तर, वनस्पतींची यादी पहिल्याच भेटीत दाखवावी.