जीपीआयबी बसवर उपकरणं कशी जोडायची?

प्रयोगशाळेतल्या जुन्या मल्टिमीटरच्या मागे चोवीस पिनांचा रुंद कनेक्टर दिसला, तर ती बहुधा जीपीआयबी, म्हणजे मोजमापाची उपकरणं संगणकाला एकाच सामायिक तारांच्या संचावर जोडणारी बस. ह्यूलेट-पॅकार्डने काढलेली ही समांतर बस १९७५ साली आयट्रिपलई ४८८ या नावाने मानक झाली. जुनी असली तरी आजही भरवशाची.

१. सगळी उपकरणं बंद करून केबल लावा. कनेक्टर एकावर एक चढतात, त्यामुळे साखळी करा किंवा चांदणी, दोन्ही चालतं. कंट्रोलर (बस चालवणारा, बहुधा संगणक) धरून जास्तीत जास्त १५ उपकरणं. एकूण केबल उपकरणांच्या संख्येच्या दुप्पट मीटर किंवा २० मीटर, यातलं जे कमी असेल तेवढीच.

२. प्रत्येकाला ० ते ३० मधला वेगळा पत्ता द्या. जुन्या उपकरणांवर मागे त्यासाठी डिप स्विच, म्हणजे छोटे चालू-बंद स्विच असतात. बरीच उपकरणं तो पत्ता सुरू होतानाच वाचतात, म्हणून बदल केल्यावर बंद करून पुन्हा चालू करा. कंट्रोलरचाही एक पत्ता असतो, हे हमखास विसरलं जातं.

३. आता आत काय चालतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं डोकं खाणं वाचेल. १६ सिग्नल तारांपैकी ८ डेटाच्या, ५ व्यवस्थापनाच्या आणि ३ हँडशेकच्या, म्हणजे बाइट दिला-घेतला हे एकमेकांना कळवणाऱ्या. बोलणारा एका वेळी एकच. ऐकणारे सगळे तयार झाल्याशिवाय तो बाइट वैध असल्याची खूण करत नाही, आणि प्रत्येकाने तो घेतल्याशिवाय पुढचा टाकत नाही. श्रोत्यांची ‘तयार नाही’ किंवा ‘घेतला नाही’ सांगणारी हँडशेकची तार एकानेही खाली ओढून धरली तर खालीच राहते. म्हणजे वेग सगळ्यात मंद श्रोता ठरवतो. त्यात एटीएन, म्हणजे ‘लक्ष द्या’ सांगणारी व्यवस्थापनाची तार ओढून कंट्रोलर आज्ञा देतो तेव्हा प्रत्येकालाच ऐकावं लागतं. एक उपकरण अडकलं की अख्खी बस अडकते ती त्यामुळेच.

४. संगणकावरून तारांकन, मग आयडीएन, मग प्रश्नचिन्ह अशी आज्ञा रोमन अक्षरांत पाठवा. उत्तरात कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि फर्मवेअर स्वल्पविरामांनी वेगळे येतात. ही आज्ञा १९८७ च्या ४८८.२ मानकातली. त्याआधीच्या मीटरना ती कळत नाही, तिथे मॅन्युअलच उघडा.

उत्तराऐवजी टाइमआउट आला तर आधी पत्ता तपासा, मग संदेशाचा शेवट: ईओआय (शेवटचा बाइट सांगणारी व्यवस्थापनाची तार) की नव्या ओळीचं अक्षर, हे दोन्हीकडे जुळायला हवं. तरीही अडलं तर एकच उपकरण ठेवून बाकीच्यांच्या केबल काढा आणि एकेक परत जोडत जा.