ऑनलाईन क्लासात मुलांचे गट पाडताय? रूम उघडायच्या आधीच अर्धं काम उरका

मी वाळपईहून आठवीच्या मुलांचा ऑनलाईन क्लास घेते. मुलं केरीची, होंड्याची, एक-दोन पेडण्याची. गटकाम मला मनापासून आवडतं, कारण ३० जणांसमोर तोंड न उघडणारी मुलगी चौघांत बसवली की घडाघडा बोलते. पण सुरवातीला मी झूमवर ब्रेकआउट रूम, म्हणजे प्रत्येक गटाची वेगळी छोटी खोली, उघडून नुसतं "चर्चा करा" म्हणायचे आणि आत जाऊन बघावं तर चार काळे चौकोन, सगळे म्यूटवर. मुलं लाजत नव्हती हो, नेमकं करायचं काय तेच त्यांना कळलेलं नसायचं.

म्हणून सगळ्यात आधी काम पक्कं करा. आणि ते असं हवं की शेवटी कागदावर काहीतरी उतरलंच पाहिजे. गणेश चवथीच्या आधी मी दिलेलं काम सांगते (आमच्याकडे गणपतीच्या वर फळं-फुलं-रानवस्तू टांगतात ती माटोळी, आणि माड-पोफळीची बाग म्हणजे कुळागर): तुमच्या घरच्या माटोळीला बांधतात त्या ५ वस्तू लिहा, प्रत्येकीपुढे ती रानातली, कुळागरातली की बाजारातली ते लिहा, आणि आता मिळायला कठीण झालेली एक निवडा. एवढंच. त्या दिवशी एका गटात एकाची आजी मागून कोंकणीत एकेक नाव सांगत होती आणि बाकीचे तिघे भराभर लिहून घेत होते, मी आत गेले ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

लिहायला गूगल स्लाईड्सची एकच फाईल करा, प्रत्येक गटाला एक स्लाईड, वर गट नंबर आणि खाली प्रश्न. सगळ्यांना एडिटची परवानगी द्या. याचा मोठा फायदा असा की ग्रिड व्ह्यू लावला की सगळ्या स्लाईडी एकदम दिसतात, कुठली भरतेय आणि कुठली कोरी आहे ते बाहेर बसून कळतं, मग कोऱ्या स्लाईडवाल्यांकडे आधी जायचं. सगळ्या रूम फिरत बसलात तर वेळ तिथेच संपतो.

गट ४ जणांचा करा. तिघांतला एक नेटमुळे गळला तर दोघेच उरतात, आणि सहा केले तर दोघे नुसते ऐकत बसतात. झूमवर आपोआप वाटणी होते, पण मला ठरवूनच गट लागतात, म्हणून क्लास सुरू होतानाच मुलांना रिनेम करून नावाआधी गट नंबर टाकायला सांगते, "३ सानिका" असं, म्हणजे यादीत नाव शोधत बसावं लागत नाही. सगळ्यात लहान रोल नंबरवाल्याने बोलायला सुरवात करायची, सगळ्यात मोठ्या रोल नंबरवाल्याने लिहायचं, हेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर "तू कर, तू कर" मध्ये दोन मिनिटं जातात.

रूम उघडायच्या आधी एका मुलाला विचारा, "आता आत जाऊन काय करायचं?" त्याला सांगता आलं नाही तर परत समजवा. फाईलची लिंक चॅटमध्ये टाका आणि सगळ्यांची उघडली का ते तिथेच विचारून घ्या, एकदा सगळे आत गेले की एकेकाला लिंक पाठवणं फार त्रासाचं.

वेळ ८ मिनिटं. ५ मिनिटं झाली की ब्रॉडकास्ट मेसेज (सगळ्या रूमना एकदम जाणारा) टाका, "३ मिनिटं राहिली, निवडलेली वस्तू लिहा". रूम बंद केल्यावर झूम मुलांना बहुधा ६० सेकंद देतं, तेवढ्यात शेवटचं वाक्य पुरं होतं.

आता पावसाळा. जुलैत लाईट जाते, नेट जातं, आणि परत आलेलं मूल बऱ्याचदा मेन रूममध्ये एकटंच येऊन पडतं. तिथे कुणीतरी असायलाच हवं, जमलं तर एखाद्या सहकाऱ्याला कोहोस्ट करा, नसेल तर तुम्ही स्वतः मेन रूममध्येच थांबा आणि स्लाईडींवर नजर ठेवा. ज्याला परत येताच येत नाही त्याने वहीत लिहून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, मी तो त्याच्या गटाच्या स्लाईडवर लावते, म्हणजे त्याचं काम गटातून सुटत नाही.

परत आल्यावर सातही गटांना सगळं वाचायला लावू नका, मुलं कंटाळतात. प्रत्येक गटाने फक्त निवडलेली एक वस्तू आणि तीच का, एवढंच सांगायचं, अर्धा मिनिट. बाकीचं स्लाईडवर आहेच, ते मी रात्री वाचते आणि प्रत्येक स्लाईडखाली एक ओळ लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी क्लास सुरू व्हायच्या आधीच मुलं ती ओळ बघून आलेली असतात.