दमट दिवसांतील ऑर्किड खरेदी: फुले मोजण्याआधी मुळे पाहावीत

ढगाळ, दमट आणि वारा पडलेल्या दिवसांचा हंगाम तोंडावर असताना ऑर्किडची पहिली खरेदी करणाऱ्यांना एकच आग्रहाची सूचना आहे: मुळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रोप घरी आणू नये. नवख्या संग्राहकांची दगावलेली रोपे पाहताना ऊन, खत किंवा कीड ही कारणे मला क्वचितच आढळली. बहुतेक रोपांची मुळे विकत घेतली त्या दिवशीच कुजलेली होती आणि घेणाऱ्याने केवळ फुले व कळ्या मोजल्या होत्या.

ही फसगत होते याला रोपाचा स्वभावही कारणीभूत आहे. नवख्यांच्या हाती सर्वांत आधी पडणाऱ्या फॅलेनॉप्सिसची पाने जाड व पाणी साठवणारी असतात, त्यांची पर्णरंध्रे दिवसा मिटलेली राहून रात्री उघडतात, आणि त्यामुळे पाणी इतके सावकाश खर्च होते की मुळे पुरती कुजल्यावरही पाने कित्येक आठवडे ताठ दिसतात. फुले तर एरवीही दोन-तीन महिने टिकतात. त्यामुळे विक्रीच्या फळीवरचे टवटवीत रोप जिवंत आहे की साठवलेल्या पाण्यावर तग धरून आहे, हे वरून कळत नाही. पुढे महिनाभराने पाने लोंबू लागली की घेणाऱ्याला वाटते, पाणी कमी पडले. तो आणखी पाणी घालतो आणि उरलेसुरले मूळही जाते.

असेच एक रोप गेल्या पावसाळी हंगामात माझ्याकडे तपासायला आले होते. त्याला पाच फुले व दोन कळ्या होत्या आणि पाने मात्र ओल्या कापडासारखी लोंबत होती. शोभेच्या कुंडीतून आतली प्लास्टिकची कुंडी उचलली, तेव्हा तळाशी दोन बोटे पाणी साचलेले होते. मातीऐवजी कुंडीत भरलेले झाडाच्या सालीचे तुकडे, म्हणजे माध्यम, बाजूला केल्यावर खोडाच्या बुडाशी, अगदी मध्यभागी, लिंबाएवढा मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा) गोळा सापडला. लहान रोप वाढवताना तो घातलेला असतो आणि पुढे काढायचा राहून जातो. तो पिळला तर स्पंजासारखे पाणी निघाले. एक मूळ चिमटीत धरून ओढले, तर पायातून मोजा निघावा तशी वरची साल हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. चौदा मुळांपैकी जिवंत होते एकच, तेही कुंडीच्या काठावरून बाहेर हवेत गेलेले.

ऑर्किडच्या मुळावर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. ते कोरडे असताना चंदेरी-पांढरे दिसते आणि पाणी लागताच आतला हिरवा रंग दिसू लागतो. म्हणून खरेदीच्या ठिकाणी पाण्याचे चार थेंब मुळावर टाकून पाहावे. मिनिटभरात मूळ हिरवट झाले आणि चिमटीत टणक लागले, तर ते जिवंत आहे. तपकिरी, पोकळ किंवा बुळबुळीत लागले, तर मेलेले आहे. अंधारात, माध्यमाच्या आत वाढलेले मूळ पिवळसर असू शकते, त्यामुळे तेथे रंगापेक्षा टणकपणावर भरवसा ठेवावा. पारदर्शक कुंडी असल्यास निम्मे काम सोपे होते. नसल्यास रोप बुडाशी धरून अलगद हलवावे. ते माध्यमात डुगडुगत असेल, तर त्याला धरून ठेवणारी मुळे नाहीत असे समजावे. कुंडी नाकाशी नेऊन वासही घ्यावा, कारण निरोगी माध्यमाला ओल्या लाकडाचा वास येतो आणि कुजक्या माध्यमाला साचलेल्या पाण्याचा. यानंतरही शंका उरली, तर विक्रेत्याला कुंडी काढून दाखवण्यास सांगावे, आणि तो नकार देत असेल तर फूल कितीही दुर्मीळ असले तरी ते रोप तेथेच ठेवावे.

इतर प्रकारांत पाहण्याच्या जागा थोड्या बदलतात. डेंड्रोबियम, कॅटलिया व ऑन्सिडियम यांना फुगीर खोडे असतात. जुनी खोडे सुरकुतलेली किंवा पानगळ झालेली असली तरी बिघडत नाही, पण सर्वांत नवे खोड सुरकुतलेले असेल तर मुळे काम करत नाहीत. किमान तीन खोडे आणि स्वतःची मुळे फुटू लागलेला एक नवा कोंब असलेला गड्डा घ्यावा. एकेका खोडाचे तुकडे स्वस्त मिळतात, पण नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. कॅटलियाच्या आडव्या खोडाच्या कापलेल्या जागी जांभळट कडे दिसले, तर ते फ्युजेरियम बुरशीच्या मर रोगाचे लक्षण आहे. वांडाची मुळे उघडीच लोंबत असतात, तेथे लपवण्यासारखे काही नसते. तरीही लोक फुलांकडेच पाहतात.

पानांवर पाणथळ, पसरत जाणारे तपकिरी-काळे डाग व भोवती पिवळी कडा असेल, तर तो जीवाणूजन्य रोग समजून रोप नाकारावे. फॅलेनॉप्सिसच्या शेंड्यातील कोवळे पान काळे पडून सहज निसटत असेल, तर रोप संपलेले आहे. सिंबिडियम मोझॅक व ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट या दोन विषाणूंवर कोणताही उपाय नाही आणि ते कापणीच्या कात्रीतून पसरतात, म्हणून पानांवर अनियमित फिकट पट्टे किंवा खोलगट काळे चट्टे दिसल्यास मोह टाळावा. कोरडा, न पसरणारा उन्हाचा चट्टा मात्र निरुपद्रवी असतो. फुलांच्या मागे व पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण आणि पानांच्या मागे खवले कीड आहे का, हे पाहण्यास अर्धा मिनिट लागतो.

आता बाटल्यांविषयी. रोपाबरोबर वाढवर्धक, मूळवर्धक संप्रेरक, पिल्ले (फुलदांड्यावरची नवी रोपटी) फुटण्याचा मलम आणि चकाकी आणणारा फवारा गळ्यात मारण्याची पद्धत सर्वत्र आहे. कुजलेल्या मुळाला संप्रेरकाने जीव येत नाही आणि निरोगी मुळाला त्याची गरज नसते. एवढ्या खर्चात सालीची पिशवी आणि एक पारदर्शक कुंडी घ्यावी. गडद निळे फॅलेनॉप्सिस हे फुलदांड्यात रंग टोचून केलेले असते आणि पुढच्या बहरात पांढरेच फुलते. ऑर्किडच्या बियांची पाकिटे तर घेऊच नयेत. हे बी धुळीसारखे असते, त्यात अन्नसाठा नसतो आणि निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या साहाय्यानेच रुजते. १९२२ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुइस नडसन यांनी साखर व पोषकद्रव्ये घातलेल्या माध्यमावर ते बुरशीविना रुजवून दाखवले, पण त्यासाठी निर्जंतुक बाटली लागते, कुंडी चालत नाही.

जंगलातून ओरबाडलेली रोपेही विक्रीला येतात. तुटकी, झाडाची साल चिकटलेली मुळे, दगडफुलाचे ठिपके असलेली पाने आणि एकसारखेपणाचा अभाव यावरून ती ओळखता येतात. ऑर्किडचे संपूर्ण कुल साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिशिष्टांत आहे आणि पॅफिओपेडिलमसारख्या प्रजातींचा समावेश त्यातील सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी मुळे तुटलेले असे रोप दमट हवेत बहुधा कुजते. ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत ऊतीच्या तुकड्यापासून वाढवलेले) किंवा रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेले रोपच घ्यावे.

या हंगामात पार्सलने रोप मागवणे शक्यतो टाळावे, कारण बंद खोक्यातील ओल आणि चार-पाच दिवसांचा अंधार कुजीला पुरेसा असतो. मागवायचेच असल्यास माध्यमाविना, कोरड्या मुळांनी पाठवण्यास सांगावे आणि त्याच दिवशी काढलेले मुळांचे छायाचित्र मागावे. फुलांचे छायाचित्र पाठवून मुळांविषयी गप्प बसणाऱ्याकडून काही घेऊ नये.

घरी आणल्यावरची कामे:
- इतर रोपांपासून किमान ४ आठवडे वेगळे ठेवणे.
- शोभेची बाहेरची कुंडी काढणे.
- कात्री ज्योतीवर तापवून मेलेली मुळे छाटणे.
- मध्यभागातील मॉसचा गोळा काढणे.
- भिजवून निथळलेली साल व थोडा कोळसा भरणे.
- छाटणीनंतर २ दिवस पाणी न देणे.
- पाणी सकाळीच देणे, शेंड्यात साचलेले टिपून घेणे.
- नाव व खरेदीची तारीख कुंडीवर लिहिणे.

फुलांवर असताना कुंडी बदलू नये, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते व इतर दिवसांत ते योग्य आहे. पण माध्यम ओले व मुळे कुजलेली असतील, तर या हवेत बहर संपण्याची वाट पाहू नये. फुलदांडा कापून पाण्यात ठेवावा आणि त्याच दिवशी मुळे मोकळी करावीत. छाटलेल्या जागी दालचिनीची पूड लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ती पानाच्या जखमेवर लावावी. मुळांना लावल्यास ती सुकतात.

बुरशीनाशक प्रतिबंध म्हणून दर आठवड्याला फवारण्याची गरज नाही. काळी कूज प्रत्यक्ष दिसली, तर रोगट भाग लगतच्या थोड्या निरोगी भागासह कापून मेटॅलॅक्झिल ८ टक्के व मँकोझेब ६४ टक्के हे संयुक्त बुरशीनाशक २ ग्रॅम प्रति लिटर प्रमाणे वापरावे आणि वेष्टनावरील सूचना पाळाव्यात. डेंड्रोबियमवर ताम्रयुक्त औषधे वापरू नयेत, पाने भाजतात.

दोन गोष्टी केवळ माझ्या अंदाजाच्या आहेत. विक्रीच्या फळीवर पुढच्या रांगेतील रोपापेक्षा मागच्या रांगेतील रोप मी आधी पाहतो, कारण पुढच्या रांगेला जाणारा-येणारा प्रत्येक जण पाणी घालतो. तसेच कुंडीच्या काठाबाहेर दोन-तीन मुळे आलेले बेढब रोप मला नीटनेटक्या रोपापेक्षा अधिक टिकाऊ वाटते, कारण आतले सर्व गेले तरी ती मुळे उरतात.

२०:२०:२० (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत वाढीच्या काळात १ ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात सांगितले जाते; ढगाळ दिवसांत मी अर्धा ग्रॅमच वापरतो. मात्र नव्या रोपाला तेही लगेच देऊ नये. मुळांची हिरवी किंवा लालसर ओली टोके पुन्हा पुढे सरकताना दिसेपर्यंत थांबावे, मग त्याला पाच आठवडे लागोत की दहा.