समुद्राच्या पाण्यातले पीएएच मोजताना या चुका टाळा

मुंबईच्या किनाऱ्याजवळचं पाणी घेऊन त्यात तेला-धुरातून आलेले पीएएच (पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बनची कडी जोडून बनलेली संयुगं) किती आहेत हे शोधायचं, तर मोजमाप नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये करावं लागतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतक्या बारीक मापात आकडा विचित्र आला की सगळे जीसी-एमएसकडे, म्हणजे ही संयुगं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्राकडे, संशयाने बघतात. माझ्या मते आधी होडीकडे बघावं.

डिझेलच्या धुरात हेच पीएएच असतात. म्हणून इंजिन बंद करा, वारा येतो त्या बाजूने नमुना घ्या. पृष्ठभागावरचा तेलकट तवंग आत शिरू नये म्हणून बाटली बंदच खाली न्या आणि साधारण मीटरभर खोलीवर उघडा.

बाटली अंबर काचेची हवी, टोपीला टेफ्लॉनचं अस्तर. प्लॅस्टिकच्या भिंतीला पीएएच चिकटतात, शिवाय प्लॅस्टिकमधली रसायनं पाण्यात उतरतात. (पीएफएएस, म्हणजे फ्लोरिनयुक्त टिकाऊ रसायनं, शोधत असाल तर उलटं: पॉलिप्रॉपिलीन वापरा, टेफ्लॉन टाळा.) बाटली आधी नमुन्याच्याच पाण्याने विसळायची सवय पीएएच मोजताना नडते. तेलकट अंश काचेला चिकटून राहतात आणि आकडा फुगतो. याच कारणाने बाटलीतलं निम्मं पाणी मोजून घेऊ नका. सगळं वापरा, मग रिकामी बाटली सॉल्व्हंटने (पीएएच विरघळवणाऱ्या द्रवाने) धुऊन तेही त्यात मिसळा.

सर्वात जास्त टाळाटाळ होते ती फील्ड ब्लँकची. प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी सोबत न्या, नमुना घेताना होडीवर तेवढाच वेळ उघडं ठेवा, पुढची सगळी प्रक्रिया तशीच करा. नॅफ्थलीन हे पीएएच ब्लँकमध्येही तेवढंच निघालं, तर नमुन्यातलं नॅफ्थलीन समुद्राचं आहे असं म्हणता येत नाही.

ड्युटेरियमयुक्त सरोगेट (जड हायड्रोजन असलेली त्याच पीएएचची ठरावीक मात्रा, किती परत मिळते ते बघायला) निष्कर्षणाआधीच, म्हणजे पाण्यातून पीएएच वेगळे काढण्याआधीच, घाला. शेवटी घातलं तर वाटेत किती गळलं ते कळणारच नाही. नॅफ्थलीन-डी८ कमी आणि फेनान्थ्रीन-डी१० ठीक आलं, तर बहुतेक वेळा नायट्रोजन वायूच्या झोताखाली अर्क (पीएएच उतरलेलं सॉल्व्हंट) जास्त आटवलेला असतो; नॅफ्थलीन उडून जातं. थोडं सॉल्व्हंट शिल्लक असतानाच थांबा. दोन्ही कमी आली, तर निष्कर्षणाची पायरी तपासा: पीएएच धरून ठेवणारं कार्ट्रिज मध्येच कोरडं पडलं होतं का, पाणी फार वेगाने ओढलं होतं का?

आणि अहवालात काही सापडलं नाही म्हणून शून्य लिहू नका. 'शोधमर्यादेपेक्षा कमी' लिहा, आणि ती मर्यादा किती हेही.