एकाच डीएनए धाग्याची ट्रेफॉइल गाठ: आखणी, जोडणी आणि तपासणी

दोरीला साधी गाठ मारून तिची मोकळी टोकं एकमेकांना जोडली की झाली ट्रेफॉइल. नेड सीमन यांच्या न्यूयॉर्क विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने एकेरी डीएनए धाग्याची अशी गाठ १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. २०१८ पर्यंत मजल १७०० ते ७५०० न्यूक्लिओटाइडचे (धाग्याचे एकेक घटक) धागे आणि ९ ते ५७ छेदांच्या (धागा स्वतःला ओलांडतो त्या जागा) गाठींपर्यंत गेली. हात बसवायला मात्र ट्रेफॉइलच बरी. तिच्यात चुका कमी होतात असं नाही, पण झालेली चूक शोधता येते.

सगळी मेख क्रमात आहे. आधी धागा स्वतःभोवती गुंफला पाहिजे आणि टोकं त्यानंतर जोडली पाहिजेत. टोकं आधी जोडली तर नुसतं वर्तुळ मिळतं, आणि टोपोआयसोमरेजशिवाय (धागा कापून, दुसरा भाग पलीकडे जाऊ देऊन पुन्हा जोडणारं एन्झाइम) त्याची गाठ होत नाही.

धाग्यात चार पट्टे ठेवा, याच क्रमाने: क्ष, य, क्ष′, य′. क्ष ची जोडी क्ष′ शी, य ची य′ शी. आरएनएवाले ही रचना लगेच ओळखतील, हा स्यूडोनॉटच आहे, म्हणजे एकमेकांत अडकलेल्या दोन जोड्यांची खोटी गाठ. टोकं मोकळी असेपर्यंत तो ओढून सुटतो, बंद केली की खरी गाठ होते. प्रत्येक पट्टा ११ बेसचा (बेस म्हणजे ए, टी, जी, सी ही अक्षरं) ठेवा. बी-डीएनएचा (डीएनएच्या नेहमीच्या रूपाचा) एक पूर्ण पीळ साधारण १०.५ जोड्यांचा, म्हणजे ११ मध्ये एक पीळ आणि दोन छेद. दोन हेलिक्सचे (जुळलेल्या पट्ट्यांच्या दुहेरी पिळांचे) मिळून चार छेद दिसतात. दोन्ही पीळ उजवे असल्यामुळे त्यांतला एक आकृती फिरवली की निघून जातो आणि तीन उरतात. ८ जोड्यांवर काटकसर करू नका. पीळ अपुरा राहतो, शिवाय हेलिक्सही टिकत नाही.

पट्ट्यांमध्ये टी बेसचे सैल दुवे लागतात. पहिले तीन दुवे १५-१५ टीचे. चौथा ३० बेसचा, कारण टोकं तिथेच जुळायची आहेत. मधले २० बेस मिश्र क्रमाचे आणि दोन्ही बाजूंना ५-५ टी. धागा कापायचा तो या २० च्या मधोमध, १०-१० वर. इथेही नुसते टी ठेवले तर जोडपट्टी, म्हणजे टोकं शेजारी धरणारा स्प्लिंट, घसरत राहते आणि टोकं नेमकी समोरासमोर येत नाहीत. एकूण लांबी ४४ + ४५ + ३० = ११९ न्यूक्लिओटाइड.

क्रम लिहिताना चार बेसचा कोणताही शब्द दोनदा येऊ नये, आणि नको तिथे त्याचा पूरक शब्दही नसावा. अपवाद फक्त टीच्या दुव्यांचा आणि हेतुपुरस्सर ठेवलेल्या जोड्यांचा. क्ष मध्ये ११ पैकी ७-८ जी किंवा सी (त्यांची जोडी जास्त घट्ट) ठेवा, य मध्ये ६, म्हणजे थंड होताना क्ष आधी बसेल आणि य′ ची शेपटी नंतर त्याच्या फासात गुंफली जाईल. क्ष′ हा क्ष चा पूरक, पण उलटा वाचलेला. नवशिक्यांची सर्वांत महाग चूक हीच: पूरक त्याच दिशेने टंकून मागणी नोंदवली जाते आणि आलेला धागा कशाशीच जुळत नाही. शेवटी संपूर्ण क्रम न्यूपॅक या घड्या वर्तवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून भलत्या हेअरपिन (धागा स्वतःवरच दुमडून झालेल्या जोड्या) पाहा. ते सॉफ्टवेअर स्यूडोनॉट दाखवत नसेल तर घाबरू नका. क्ष आणि य वेगवेगळे तपासा.

मागणी देताना ५′ टोकाला (धाग्याच्या सुरुवातीच्या टोकाला) फॉस्फेट आणि पेज (जेलवर लांबीनुसार वेगळं करणारं) शुद्धीकरण मागा. धागा एकेक बेस जोडत बनतो. दर टप्प्याला ९९.५ टक्के यश धरलं तरी ११८ जोडण्यांनंतर पूर्ण लांबीचे धागे सुमारे ५५ टक्केच उरतात, ९९ टक्क्यांवर ३० च्या आसपास. ५′ कडून तुटक राहिलेल्या धाग्याला जोडपट्टीवर बसायला पूर्ण टोकच नसतं. स्प्लिंट २० बेसचा आणि फॉस्फेटविना.

आता बांधणी. १०० मायक्रोलिटरमध्ये १० पिकोमोल धागा घ्या, म्हणजे ०.१ मायक्रोमोलर. याहून दाट केलं तर दोन रेणू एकमेकांना जोडले जातात. बफर ५० मिलीमोलर ट्रिस, पीएच ७.५, आणि १० मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. फॉस्फेटांचं एकमेकांना ढकलणं मॅग्नेशियमच शमवतं, त्यामुळे इथे हात आखडता घेऊ नका. ९५° सेल्सियसवर ५ मिनिटं तापवा आणि तीन-चार तासांत २५° वर आणा. स्प्लिंट यानंतरच घाला, १.१ ते १.२ पट. सुरुवातीपासून घातला तर तो टोकं आधीच धरून ठेवतो आणि गुंफण अडते. फार जास्त घातला तर दोन टोकांवर दोन वेगळे स्प्लिंट बसतात आणि जोडणी होतच नाही. अर्ध्या तासाने १ मिलीमोलर एटीपी, १० मिलीमोलर डीटीटी आणि ४०० युनिट टी४ डीएनए लायगेज (टोकं जोडणारं एन्झाइम) घालून १६° वर रात्रभर ठेवा.

स्प्लिंटशिवाय जोडणारा सर्कलायगेज इथे मोहात पाडतो. तो ६०° वर चालतो आणि त्या तापमानाला ११ जोड्यांचे हेलिक्स टिकतील याचा भरवसा नाही. मात्र तुलनेसाठी साधं वर्तुळ हवंच असतं, ते सर्कलायगेजनेच करून ठेवा.

सकाळी एक्सोन्यूक्लिएज १ आणि ३ घालून ३७° वर तासभर ठेवा. मोकळी टोकं असलेलं सगळं खाल्लं जातं, बंद धागा उरतो. मग ही एन्झाइम निकामी करायला ८०° वर २० मिनिटं.

तपासणी युरिया घातलेल्या जेलवर, ८ आणि १२ टक्के दोन्ही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसंच इथे होतं: बेसजोड्या सगळ्या सुटतात, गाठ राहते. तेवढ्याच लांबीच्या वर्तुळापेक्षा गाठ आटोपशीर, म्हणून ती पुढे धावते. सरळ धाग्याच्या तुलनेत जेलवरच्या पट्ट्यांच्या (बँडच्या) जागा जेलच्या टक्केवारीनुसार बदलतात, त्यामुळे एकाच जेलवरून निकाल देऊ नका. दोन पुरावे आणखी घ्या. एक, ई. कोलाय टोपोआयसोमरेज १ घाला. गाठीची पट्टी वर्तुळाच्या जागी सरकली पाहिजे. दुसरा, चौथ्या दुव्यात जीजीसीसी ठेवलं असेल (चार अक्षरांच्या नियमाला हा मुद्दाम केलेला अपवाद) तर स्प्लिंट पुन्हा बसवून हाए-३ ने (हाच क्रम ओळखून कापणारं एन्झाइम) कापा. गाठ आणि वर्तुळ दोघांचाही ११९ चा सरळ धागा निघतो. कापल्यावर ११९ च्या बरोबरीने वर्तुळाची पट्टीही आली तर तुमच्याकडे गाठ नाही, दोन कड्या एकमेकींत अडकल्या आहेत. पुढच्या वेळी धागा आणखी पातळ करा.

हीच आखणी आरएनएला वापरायची तर दुव्यांत टीऐवजी यू ठेवा. आरएनएच्या ए-रूपाचा पीळही ११ जोड्यांचाच, त्यामुळे पट्टे तसेच राहतात. मात्र मॅग्नेशियम असताना ९५° वर नेऊ नका, आरएनए तुटतो. आधी तापवा, मग घाला. टी७ पॉलिमरेज या एन्झाइमने बनवलेल्या आरएनएच्या ५′ टोकाला ट्रायफॉस्फेट असतो आणि लायगेज त्याला हात लावत नाही. लिप्यंतरणात (डीएनएवरून आरएनए बनवताना) जीएमपी (एकच फॉस्फेट असलेला जी) भरपूर ठेवलं की बऱ्याच रेणूंना एकच फॉस्फेट मिळतो.