सिस्प्लॅटिन ए५४९ वर चालत नाहीये? प्लेट लावण्याआधी या चुका टाळा

प्रोजेक्टचे दिवस आले की पेशी-कल्चर करणाऱ्या पोरांची एक तक्रार ठरलेली: ‘सिस्प्लॅटिन पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लावलं, पण ए५४९ ढिम्म. रेझिस्टंट झाल्यात वाटतं.’ (सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध, ए५४९ ही फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींची लाइन, आणि पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणजे ज्याचा परिणाम दिसायलाच हवा असं औषध.) रेझिस्टन्सचं, म्हणजे औषधाला दाद न देण्याचं, मागाहून बघू. आधी सांगा, स्टॉक, म्हणजे औषधाचं मूळ दाट द्रावण, कशात केलाय? बहुतेकदा उत्तर येतं, डीएमएसओ या द्रावकात.

सवय लागते कुठून, तेही समजण्यासारखं आहे. पॅक्लिटॅक्सेल, इटोपोसाइड ही कॅन्सरची औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत, मग सगळीच औषधं डीएमएसओत करून उणे २० ला टाकायची रीत पडते. सिस्प्लॅटिनला ती चालत नाही. त्याच्या रेणूत प्लॅटिनमला दोन क्लोराइड जोडलेले असतात. पेशीच्या आत क्लोराइड कमी, म्हणून तिथं ते सुटतात आणि मोकळ्या जागी डीएनए अडकतो. डीएमएसओतलं गंधक ही जागा बाटलीतच बळकावतं. वजन बरोबर, गणित बरोबर, आणि औषध निकामी. कार्बोप्लॅटिनही डीएमएसओत असंच बिघडतं.

स्टॉक ०.९ टक्के सलाइनमध्ये करा, १ मिग्रॅ प्रति मिली, म्हणजे साधारण ३.३ मिलिमोलर. नुसतं पाणी नको. क्लोराइड नसल्यामुळे तिथंही रेणू बदलायला लागतो. बाटली अंधारात, खोलीच्या तापमानाला ठेवा. फ्रिजमध्ये तळाशी पिवळे स्फटिक बसतात आणि वरचं पाणी उचललं की डोस भलताच निघतो. शक्यतो त्याच दिवशी केलेलं वापरा. अ‍ॅल्युमिनियमचा भाग असलेली सुईही नको, प्लॅटिनम त्याच्याशी लागून काळं पडतं.

दुसरी चूक जास्त गोड असते, कारण तिच्यातून हवा तसा निकाल येतो: ‘औषधानं कॅन्सरच्या पेशी मारल्या, निरोगी वाचल्या.’ निरोगी म्हणजे कोणत्या? बहुधा बीईएएस-२बी नावाची लाइन. श्वासनलिकेच्या निरोगी अस्तरातून काढलेल्या खऱ्या, पण त्या मरू नयेत म्हणून त्यांच्यात एसव्ही४० विषाणूचा जनुक घातलेला आहे, आणि त्याचं प्रथिन पी५३ या पेशीच्या राखणदार प्रथिनाला धरून ठेवतं. इकडे ए५४९ ही १९७२ साली एका ५८ वर्षांच्या रुग्णाच्या फुप्फुसातल्या गाठीतून काढलेली लाइन. तिच्यात केरॅस हा वाढीचा जनुक बिघडलेला आहे, पण पी५३ शाबूत! डीएनए तुटल्यावर पेशीनं थांबायचं की मरायचं, यात पी५३ चा मोठा वाटा असतो. तो ‘निरोगी’ पेशीत बांधलेला आणि कॅन्सरच्या पेशीत मोकळा. अशा जोडीवरून आयसी५० चं (परिणाम निम्म्यावर आणणाऱ्या डोसचं) गुणोत्तर काढून त्याला सिलेक्टिव्हिटी इंडेक्स म्हणायचं, तर निदान ही गोष्ट प्रबंधात लिहायला हवी.

त्यात मीडियमची, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाची, भर. बीईएएस-२बी ला सीरम (प्राण्याच्या रक्तातला द्रव भाग) नसलेलं खास मीडियम लागतं. ते महाग, म्हणून गुपचूप १० टक्के सीरमवर वाढवतात. सीरममुळे या पेशी चपट्या होऊन विभाजन सोडायला लागतात, आणि विभाजनाच्या वेळी मारणारं औषध त्यांना कुठून मारणार? उलट योग्य मीडियम दिलं तर दोन्ही लाइनींचं मीडियम वेगळं. पॅक्लिटॅक्सेलसारखं औषध सीरममधल्या अल्ब्युमिनला चिकटतं, म्हणजे मोकळं औषधही वेगवेगळं. यावर फुकटचा उपाय नाही. एमआरसी-५ सारखे फुप्फुसातले फायब्रोब्लास्ट (जोडऊतकाच्या पेशी) जोडीला घ्या, ते पी५३ च्या बाबतीत सरळ आहेत. पण अस्तराच्या पेशी नव्हेत आणि ४२ ते ४६ दुपटींनंतर थकतात. पॅसेज नंबर, म्हणजे पेशी कितीदा नव्या भांड्यात हलवल्या ते, लिहून ठेवा.

खरी मेख वाढीच्या वेगात आहे. ए५४९ दिवसाभरात दुप्पट होतात, हळू वाढणाऱ्या पेशी तेवढ्या वेळात अर्धवटच. तीन दिवसांनी औषध नसलेल्या कंट्रोलशी तुलना केली की जी लाइन जास्त वेगानं वाढते तिचं नुकसान जास्त दिसतं. म्हणून औषध घालायच्या वेळी एक वेगळी प्लेट वाचून ठेवा, शून्य तासाची. त्यावरून प्रत्येक दुपटीमागे किती वाढ रोखली ते काढता येतं. २०१६ पासून यासाठी जीआर५० हे माप रूढ होतंय. आणि कंट्रोलचे वेल (प्लेटमधले खळगे) शेवटपर्यंत पेशींनी पूर्ण भरू देऊ नका. पॅक्लिटॅक्सेल २४ तासांवर वाचून ‘परिणाम नाही’ लिहिणारे तर भेटतातच; त्याला ७२ द्या.

एमटीटी या रंगाच्या चाचणीबद्दल थोडक्यात. ती पेशींची चयापचयाची हालचाल मोजते, मृत्यू नव्हे. रंग निम्मा झाला म्हणजे निम्म्या मेल्या असं लिहू नका. कदाचित सगळ्या जिवंत आहेत, फक्त वाढ थांबलीय. मृत्यूच दाखवायचा असेल तर मरणाऱ्या पेशींना चिकटणारं अ‍ॅनेक्सिन लावा. डॉक्सोरुबिसिन हे औषध स्वतःच लाल असतं, तेव्हा पेशी नसलेला पण औषध असलेला वेल हवाच. कल्चरमध्ये घुसणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जीवाणूची चाचणीही आधी करून घ्या, तो एमटीटी स्वतः खातो.

आणि ब्लिओमायसिन हे कॅन्सरचं औषध. त्याची फुप्फुसावरची विषबाधा प्रसिद्ध आहे, कारण त्याला निकामी करणारं एन्झाइम तिथं फार कमी असतं. पण रुग्णाच्या फुप्फुसात सूज आणि व्रण तयार व्हायला आठवडे-महिने लागतात, त्यात रोगप्रतिकारक पेशीही सामील असतात. ७२ तासांच्या प्लेटमध्ये एकटी बीईएएस-२बी टिकली म्हणून ‘फुप्फुसासाठी सुरक्षित’ असं शीर्षक देऊ नका. ‘बीईएएस-२बी वर, ७२ तास’ एवढंच लिहा.