एक नंबरला आप्पांचं मन राखू नका

सांगलीत विश्रामबागेत माझं इंजिनिअरिंग प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जून-जुलै आला की खुर्चीवर पोरगं, मागं आई, दारात बाप, आणि तिघांच्या डोक्यात तीन कॉलेजं. सोबत आजोबा असले तर त्यांना १९४७चं वालचंद आणि १९१९चं विलिंग्डन सोडून तिसरं ठाऊकच नसतं. वर्षानुवर्षं चुका मात्र त्याच.

त्यातली सगळ्यात महागडी म्हणजे "लागतंय कुठलं!" म्हणत पसंतीच्या यादीत घरच्यांच्या आवडीचं कॉलेज एक नंबरला टाकणं.

चार वर्षांपूर्वी तासगावकडची एक मुलगी आली. तिला सिव्हिल हवं होतं, तेही सांगलीत. वडिलांना कॉम्प्युटर, तेही पुण्यात. बापलेकीनं दोन संध्याकाळी माझ्या दुकानात वाद घातला. तिसऱ्या दिवशी ती एकटीच आली. "काका, पुण्याचं एक नंबरला टाका. आप्पांचं मन राहील. मला तिथं लागत नाही, कटऑफ बघितलाय मी." बाहेर रांग होती. बटण मी दाबलं.

पहिल्याच फेरीत पुणं लागलं.

तिनं कटऑफ पाहिला होता, पण चुकीच्या ओळीत. कटऑफच्या यादीत प्रत्येक ओळीला कोड असतो. त्याचं पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा, मधे प्रवर्ग, शेवटी एच म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतले, ओ म्हणजे हद्दीबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. आपण सांगली-सातारा-कोल्हापूरवाले शिवाजी विद्यापीठातले, म्हणून पुण्यात ओ. ही ओबीसी मुलगी, हिची ओळ एल-ओबीसी-ओ, तिथला कटऑफ खाली. आणि ही वाचत बसली जी-ओपनची, म्हणजे खुल्या प्रवर्गाची ओळ. वर आणखी एक गोष्ट: पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की जागा आपोआप फ्रीज होते, म्हणजे पक्की. बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत दुसरं कॉलेज मागणं, नाही. ती सोडली तर पुढच्या फेऱ्याही बंद. २०२५ पासून तर दुसऱ्या फेरीत पहिले तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिले सहा पर्याय असेच अडकतात. म्हणजे मन राखायला आता आणखी कमी जागा उरली.

फेब्रुवारीत तिचे वडील द्राक्षाची पेटी घेऊन आभार मानायला आले. मी ती घेतली, आणि काय बोलावं ते सुचेना.

तेव्हापासून मी आधी दोन कोरे कागद देतो. एक पोराला, एक आईबापाला. समोरच्या टपरीवर चहा घेत वेगवेगळं बसून पाच-पाच नावं लिहायची, प्रत्येकापुढं कारण. "लोक काय म्हणतील" हे कारण मी खोडतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले की दोन-तीन नावं सारखी निघतातच. भांडण बहुतेक वेळा पहिल्या ओळीचंच असतं. तिथं मात्र ज्याला चार वर्षं शिकायचंय त्याचंच नाव. घाई असलेल्यांना मी सरळ दुसऱ्या दुकानात पाठवतो. "पटकन भरून टाका"वाल्यांचीच पोरं ऑगस्टमध्ये रडत येतात.

दुसरी चूक अकरावीतच होते. आईला डॉक्टर हवा म्हणून गणित सोडायचं. नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल आला की "मग इंजिनिअरिंग बघू" म्हणत माझ्याकडं यायचं. गणित नाही तर इंजिनिअरिंगला लागणारी पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटाची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, कशी देणार? घरात एकमत नसेल तर दोन वर्षं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. जड जातं, मान्य. पण दोन्ही दारं उघडी राहतात.

व्हॉट्सॲपवर फिरणारी "टॉप कॉलेज" यादी छापून आणू नका.

"पैशाचं मी बघतो" म्हणणाऱ्या बापाला फीचा आकडा आधी विचारा, हॉस्टेल आणि मेस धरून.

ब्रँचवरून महिनाभर भांडणाऱ्या वडिलांनी तेवढ्या वेळात जात पडताळणी आणि नॉन-क्रीमी लेयरचं (उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं) प्रमाणपत्र उरकावं. नॉन-क्रीमी लेयर पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं. जुनं लॅमिनेट करून आणलेलं दाखवू नका, मी तसंच परत देतो.

आणि ओटीपी बापाच्या मोबाईलवर येत असेल, तर फॉर्म भरायला बापाला सोबत आणा. तो शेतात, फोन बांधावर, आणि माझ्या दुकानात तुम्ही घड्याळाकडं बघत बसलेले.